चौथी उशी

फेब्रुवारी लागला की मिठागरांत पांढरे ढीग दिसायला लागतात आणि माझ्या डाव्या मनगटाला खाज सुटते. ढीग खरे असतात, खाज खोटी. दहावीच्या परीक्षेत घड्याळाच्या रबरी पट्ट्याखाली घाम साचून तिथे एक लाल गोल उठला होता, तो केव्हाच गेला. पण झेरॉक्सच्या दुकानांपुढे हॉल तिकिटं घेऊन उभ्या असलेल्या मुली दिसल्या, खाडीकडून येणारा वारा कोरडा आणि खारट झाला, की माझी बोटं आपोआप तिथे जातात. यंदाही गेली. फरक एवढाच की यंदा तिथे नवं घड्याळ होतं, निळं, आणि ते मी केवळ एका माणसाचं मन मोडावं म्हणून घेतलं होतं.

घड्याळांतलं मला काही कळत नव्हतं. आता बरंच कळतं. राग असला की अभ्यास चांगला होतो. पाण्याखाली जाणाऱ्यांसाठी बनवलेली घड्याळं असतात, त्यांना डायव्हर वॉच म्हणतात. जाड काच, अंधारात हिरवट चमकणारे काटे, आणि तबकडीभोवती फिरणारं एक दातेरी कडं. त्यांतली बरीच आपल्या आवाक्याबाहेरची असतात, काही परवडणारी असतात. परवडणाऱ्यांतलं एक मॉडेल चार रंगांत यायचं: काळं, निळं, हिरवं आणि नारिंगी. आतलं यंत्र तेच, पट्टा तोच, काटे तेच. फक्त तबकडीचा रंग वेगळा. बाकीचे तीन रंग अजून मिळतात. नारिंगी बंद होऊन बरीच वर्षं झाली.

ही सगळी माहिती मला निखिलदादामुळे झाली. निखिलदादा माझा मामेभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मामाचं घर मीरा रोडला सातव्या मजल्यावर आहे, आमचं भाईंदरला जेसल पार्कात तळमजल्यावर. निखिलदादा दोन वर्षांपासून घड्याळं जमवतो आणि त्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो. मी ते बघते आणि काही लिहीत नाही. ग्रुपवर मी काहीच लिहीत नाही, फक्त सगळं वाचते. जानेवारीत त्याचा मला वेगळा मेसेज आला. ‘प्राची, ते ऑरेंजवालं ड्रायव्हर वॉच आहे का गं तुझ्याकडे अजून? माझी तीन झालीत, तेवढंच राहिलंय. त्याच्या बदल्यात तुला हवी ती दोन घे.’ पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा.

ड्रायव्हर वॉच. ड च्या पायाशी एक तिरकी रेघ दिली की डायव्हरचा ड्रायव्हर होतो. इंग्रजीत एक आर लागतो. माझं कामच हे आहे. हाटकेशला एका गाळ्यात औषधांचे खोके छापतात, तिथे मी छपाईआधी त्यांच्यावरचं अक्षर न अक्षर तपासते. एक अक्षर सुटलं तर अख्खा माल परत येतो. मला बोलायला फारसं येत नाही, पण सुटलेलं अक्षर मला लांबून दिसतं. निखिलदादाच्या मेसेजमध्ये चूक नव्हती. त्याने ती रेघ मुद्दाम दिली होती. दहा वर्षं तो ती देतोय.

दहा वर्षांपूर्वीच्या त्या फेब्रुवारीत आमच्या बिल्डिंगच्या स्लॅबचं काम निघालं होतं. सकाळी आठपासून छिन्नी-हातोडा. अभ्यास होईना म्हणून मामाने मला त्याच्या घरी बोलावलं. मला तिथे स्वतंत्र टेबल मिळालं, टेबलापुढे खिडकी, खिडकीतून लांबवर मिठागरं. गणित सुटेनासं झालं की मी ढीग मोजायची. दुपारच्या उन्हात ते इतके पांढरे व्हायचे की डोळे मिटले तरी आत दिसायचे. मामीच्या घरात सगळं बेताच्या आवाजात चालायचं. तिथे मी दीड महिना राहिले आणि एकदाही फ्रिज उघडला नाही.

बाबा तेव्हा, आणि आजही, एका कंपनीची स्टाफ बस चालवतात. हाटकेशहून निघायचं, घोडबंदरवरून ठाण्याला, संध्याकाळी त्याच वाटेने परत. त्या वर्षी एकही अपघात न करता त्यांची पंधरा वर्षं झाली म्हणून कंपनीने त्यांना घड्याळ द्यायचं ठरवलं आणि दुकानात जाऊन स्वतःच्या पसंतीचं घ्यायला सांगितलं. बाबा आठवीपर्यंत मराठी शाळेत शिकले. इंग्रजी ते पाट्या वाचतात तसं वाचतात, पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर बघून, मधलं अंदाजाने. रस्त्यावर तेवढं पुरतं. दुकानात त्यांना नारिंगी तबकडीवर बारीक अक्षरांत लिहिलेला एक शब्द दिसला, आणि त्यांनी इतर काही बघितलंच नाही.

मामाकडे जायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते मला दाखवलं. खोका दोन्ही हातांत धरून. म्हणाले, “ड्रायव्हर्स. बघ, आपल्यासाठी स्पेशल बनवतात. खाली दोनशे मीटरपण लिहिलंय, वळणाआधी पाटी असते ना, तसं.”

तबकडीवर डायव्हर्स होतं. मी एका नजरेत वाचलं. दोनशे मीटर ही पाण्याची खोली होती. मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की बाबा, इथे आर नाहीये. घरात आम्ही दोघंच होतो, आई शेजारी गेली होती. याहून सोपी वेळ मिळणार नव्हती. मी म्हटलं, छान आहे.

त्यांनी ते कडं कशासाठी असतं हेही स्वतःच शोधून काढलं. बस सुटली की कड्यावरचा ठिपका मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग घोडबंदरला किती मिनिटं झाली, पुढच्या सिग्नलला किती, ठाण्याला किती, हे नुसतं बघून कळायचं. रोज संध्याकाळी ड्युटी संपवून ते आईने दिलेला डबा घेऊन मामाकडे यायचे आणि मला हळूच सांगायचे, आज बेचाळीस मिनिटं, आज ट्रॅफिक होतं, एकोणसाठ. मला मराठी आकडे नीट कळायचे नाहीत. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन हे मी त्या कड्यावरून शिकले.

आठवडाभर ते चाललं. मग एका संध्याकाळी मामीने बाबांना जेवायलाच थांबवलं. जेवणाच्या टेबलाशी मामा, मामी, निखिलदादा, आम्ही दोघं. बाबा वरण घ्यायला हात पुढे करतात तर शर्टाची बाही मागे सरली आणि निखिलदादाला घड्याळ दिसलं. काका, नवीन? बाबांना कोणीतरी विचारायलाच हवं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. पंधरा वर्षं, कंपनी, ड्रायव्हरांसाठी स्पेशल, दोनशे मीटर.

निखिलदादा आधी हसला नाही. त्याने बाबांचं मनगट धरून माझ्याकडे वळवलं, ताटावरून, वरणाच्या वाटीवरून. म्हणाला, “प्राची, तू वाच. तू इंग्लिश मीडियमची ना?”

मी वाचलं. मोठ्याने, शाळेत शिकवला होता त्या उच्चारात. डायव्हर्स.

मग तो हसला. मग मामी हसली, पदराने तोंड दाबून. काका, पाणबुड्यांचं घड्याळ घातलंत तुम्ही, बस काय वसईच्या खाडीतून नेता का. मामा नुसतं ‘निखिल’ म्हणाला, पण तेही हसतच. बाबाही हसले. सगळ्यांत जास्त वेळ तेच हसले. मी ताटातला भात चिवडत होते आणि माझ्या कानात माझाच उच्चार वाजत होता, स्वच्छ, बिनचूक, फी भरून शिकलेला.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. डब्याच्या पिशवीत होतं. म्हणाले, परीक्षेला तूच घाल, मला काय, गाडीत घड्याळ असतंच. माझं मनगट बारीक, म्हणून त्यांनी तापलेल्या खिळ्याने पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडलं होतं. भोकाची कड जळून जराशी वर आलेली. तिला रबराचा आणि डिझेलचा वास होता. परीक्षेच्या हॉलमध्ये मी दर प्रश्नाला कडं फिरवायची आणि त्याची टिकटिक मागच्या बाकापर्यंत जायची. सुपरवायझर बाईंनी एकदा वाकून बघितलं आणि त्या पुढे गेल्या. प्रत्येक पेपर वेळेआधी संपला. बाबांनी त्यानंतर घड्याळ घातलं नाही, ना ते, ना दुसरं. मामाकडे मात्र ते शब्द राहिले. दिवाळीला, बारशाला, मामाच्या साठीला. काय गं प्राची, ड्रायव्हर वॉच काय म्हणतंय?

आणि आता त्याला तेच हवं होतं.

मेसेज आला त्या रात्री मी उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मला एक कल्पना सुचली आणि ती इतकी गोड होती की मी गाळ्यात खोके तपासताना एकटीच हसले. त्याच्याकडे तीन आहेत आणि माझ्याकडे एक. पण त्याला माझं कधीच मिळणार नाही, आणि त्याची तिन्ही मला दुकानात मिळतात. चारांचा संच भाईंदरला, तळमजल्यावर पूर्ण होईल. मग मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर फोटो टाकेन. खाली एक शब्दही लिहिणार नाही. तिसऱ्या दिवशीच मी निळं मागवलं. हिरवं आणि काळं निवडून ठेवलं.

निळं आलं. सुंदर होतं, त्यात काही खोटं नाही. मी ते चार दिवस घातलं. पण दर वेळी वेळ बघायला हात वळवला की मला वेळ दिसायच्या आधी निखिलदादा दिसायचा. एकाच मॉडेलची चार घड्याळं घ्यावीत का, हा प्रश्न मी जमेल तितक्या थंड डोक्याने विचारून बघितला. आमच्याकडे एकाच औषधाचे चार खोके छापतात, तोच मजकूर, फक्त पट्टीचा रंग निराळा, कारण गोळीची ताकद निराळी. घाईत कोणी चुकू नये म्हणून रंग. आत काहीतरी वेगळं असतं म्हणून बाहेर वेगळं. या घड्याळांच्या आत काहीच वेगळं नव्हतं. मला ती चार हवी होती ती फक्त मामाकडच्या त्या टेबलाला एकदाच उत्तर देण्यासाठी.

नारिंगी घड्याळ बरीच वर्षं बंद पडून होतं. ते मी स्टेशनजवळच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या अंकलकडे नेलं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी ते मागून-पुढून बघितलं. मग माझ्या हातातलं निळं बघून म्हणाले, वही माल है, और लेना है क्या? मी म्हटलं, चार कलर का सेट करना है. त्यांनी भिंग काढलं. “चार लेके क्या करेगी बेटा, हाथ तो दो ही है.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की याचं कडं एकाच बाजूला का फिरतं, उलट का नाही. ते म्हणाले, पानी में कहीं ठोकर लगी और रिंग घूम गई, तो टाइम ज्यादा दिखाना चाहिए, कम नहीं. आदमी जल्दी ऊपर आएगा, बचेगा. म्हणून मागे जायची सोयच ठेवलेली नाही. चुकलं तर पुढेच चुकायचं. चालू झालेलं नारिंगी घेऊन मी निघाले आणि घरी येईपर्यंत त्याचं कडं अंगठ्याने फिरवत राहिले, टिक, टिक, टिक, आणि उलट फिरवायचाही प्रयत्न केला. नाही फिरलं.

आईचं म्हणणं सरळ होतं. देऊन टाक ना गं, भाऊ आहे. तुझ्या परीक्षेला त्यांनी दीड महिना ठेवून घेतलं, आपण काय दिलं त्यांना? तसंही बाबा घालत नाहीत, तू घालत नाहीस. आईची बाजू मला कळत होती. तिचं माहेर ते. तिथे तिला मान खाली न घालता जाता यावं एवढंच तिला हवं असतं. मी तिला त्या संध्याकाळचं कधी सांगितलं नव्हतं. बाबांनीही नसणार.

रथसप्तमीच्या आदल्या रविवारी मामीचं हळदीकुंकू होतं. आई आणि मी दुपारीच गेलो. घर बायकांनी भरलं आणि रिकामं झालं. मामीने मला वाण दिलं नाही, लग्न झालं नाही म्हणून, पण तिळगुळाचा लाडू हातावर ठेवला आणि गोड बोलायला सांगितलं. बोलतेच कुठे ही, असं आईने हसून म्हटलं. संध्याकाळी बाबा आम्हाला न्यायला आले आणि मामाने त्यांना जेवायला बसवलं. तेच टेबल. फक्त त्यावरची काच नवी होती.

जेवणं झाली आणि निखिलदादा आतून एक लाकडी डबा घेऊन आला. काचेचं झाकण, आत मखमल, मखमलीवर चार छोट्या उशा. तीन उशांना काळं, निळं, हिरवं गुंडाळलेलं. मागच्या बाजूचं पारदर्शक प्लास्टिकही काढलेलं नाही. मी विचारलं असतं तर त्याने कबूल केलं असतं की त्याने कुठल्याच घड्याळाचं कडं कधी फिरवलेलं नाही. चौथी उशी नुसतीच होती. पांढरी, गुबगुबीत, मधोमध किंचित दबलेली, जणू कोणीतरी आत्ताच उठून गेलं होतं.

“ही प्राचीची वाट बघतेय,” तो सगळ्यांना म्हणाला. “देणारेय ती. हो ना गं?”

आई माझ्याकडे बघत होती. तिची नजर मला हो म्हणायला सांगत होती. माझ्या हातात अजून तो लाडू होता, घामाने चिकट झालेला. मी तो ताटलीत ठेवला, पर्समधून नारिंगी घड्याळ काढलं आणि बाबांच्या पुढ्यात, त्यांच्या पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवलं. मी म्हटलं, “माझं नाहीये ते. बाबांचं आहे. त्यांना विचार.”

एवढंच मी ठरवलं होतं. त्याने बाबांना विचारावं. ज्या तोंडाने हसला त्या तोंडाने, या टेबलाशी, मागावं. पण माझी एक चूक झाली होती आणि ती मला ते ठेवून झाल्यावर दिसली. बाबा देऊन टाकणार. आईच्या माहेराला त्यांनी आयुष्यात कशालाच नाही म्हटलेलं नाही. ते हसतील, घे की रे म्हणतील, आणि ती उशी भरेल, आणि ते घड्याळ तिथे नेऊन ठेवणारी मी असेन. पुन्हा मीच.

निखिलदादा जरासा चुळबुळला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, “काका, ते... डायव्हर वॉच मला मिळालं असतं तर.”

रेघ न देता. दहा वर्षांत पहिल्यांदा.

बाबांनी घड्याळ उचललं. त्यांना आता जवळचं दिसत नाही, म्हणून हात लांब करून त्यांनी ते ट्यूबलाइटखाली धरलं आणि वाचायला लागले. घाई न करता, एकेक अक्षर सुटं. शेवटी मान हलवली.

“डायव्हरचं असतं तर दिलं असतं रे,” बाबा म्हणाले. “पण हे ड्रायव्हरचं आहे.”

आणि त्यांनी ते मनगटावर चढवलं. पट्टा आपल्या जुन्या भोकात, माझ्या जळक्या भोकाच्या दोन भोकं अलीकडे, बरोबर बसला. मामा तेवढा हसला, मोठ्याने, आणि या वेळी कोणीच त्याला साथ दिली नाही. मामी ताटल्या उचलायला लागली. निखिलदादा डब्याचं झाकण लावत होता, आणि मी त्याच्याकडे पाहत होते. लाजाळू माणसं टक लावून बघत नाहीत असा समज आहे. मी बघितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत बघितलं, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. तो लाडू मी उचलून खाल्ला.

रिक्षात आई वाणाची पिशवी मांडीवर घेऊन बसली. बाबांनी बसताच कड्यावरचा ठिपका मिनिटकाट्यासमोर आणला होता, सवयीने. जेसल पार्क जवळ आलं तेव्हा, बाहेर बघत, ते मला म्हणाले, “पहिल्या दिवशी खोका दाखवला ना, तेव्हा तुझ्या तोंडावरून कळलं होतं मला. काहीतरी चुकलंय माझं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो.”

मग त्यांनी मनगट वळवून बघितलं आणि म्हणाले, एकवीस मिनिटं.

निळं मी परत पाठवलं. हिरवं आणि काळं निवडलेल्यांतून काढून टाकलं. संच करायचा की नाही याचं उत्तर मिळालं होतं. संच होऊ नये एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी एकच घड्याळ पुरतं, तेही माझ्या हातावर नाही. ते रोज सकाळी हाटकेशहून निघतं आणि घोडबंदरवरून ठाण्याला जातं. बाबा संध्याकाळी पुन्हा मिनिटं सांगायला लागलेत. आता ते सांगतात तेव्हा मी एवढंच विचारते की बरोबर वाचलंत ना. ते म्हणतात, तूच वाच. आणि मी वाचते.

निखिलदादा अजून फोटो टाकतो. परवाही टाकला, तीन घड्याळं, तिरक्या उन्हात, काळं, निळं, हिरवं. चौथी उशी तो फोटोतून कापून टाकतो. मी फोटो बोटांनी मोठा करते आणि उजवीकडे सरकवत नेते. सुटलेलं मला लांबून दिसतं. अगदी कडेला तिचा एक पांढरा कोपरा राहिलेला असतो.

मी ग्रुपवर कधी काही लिहीत नाही. पण त्या फोटोला, दर वेळी, सगळ्यांत आधी अंगठा माझा असतो.